त्या फोटोंत मी काय बघतो?

अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवरचे रेल्वेचे धक्के आणि तिथे खनिज उतरवणारी जहाजं, यांचे जुने फोटो मी जमवतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘त्यात बघण्यासारखं काय आहे? लोखंड, धूळ आणि मालगाड्या!’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मी त्यात माणूस शोधतो.

छायाचित्रकार जॅक डेलानो यांनी मे १९४३ मध्ये क्लीव्हलंडला पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या धक्क्यावर काढलेला रंगीत फोटो घ्या. युद्ध चालू होतं, पोलादाला मागणी प्रचंड. मिनेसोटाकडचं लोहखनिज आगगाडीने सुपीरियर सरोवरापर्यंत, तिथून जहाजाने ईरी सरोवरापर्यंत आणि पुन्हा आगगाडीने भट्ट्यांकडे जायचं. ईरीच्या काठच्या क्लीव्हलंडला ते उतरवायला हुलेट नावाची अजस्र यंत्रं होती. एका घासात १७ टन माल उचलणारा पंजा, आणि त्याच्या जरा वर, त्याच उभ्या खांबात, चालकाची जागा. खांब खाली गेला की चालकही जहाजाच्या पोटात उतरायचा, माल उचलला की त्याच्यासकट वर यायचा. दिवसभर हेच. वरून दोऱ्या हलवणारा क्रेनवाला वेगळा. हा माणूस खनिजाच्या ढिगाशी समोरासमोर असायचा.

हुलेटचं पहिलं यंत्र १८९९ मध्ये ईरीच्याच काठच्या कोनिऑट बंदरात लागलं. त्याआधी तळात उतरलेले मजूर फावड्यांनी लोखंडी बादल्या भरत. यंत्राने ते कष्ट पुष्कळ कमी केले, आणि ते चांगलंच झालं. तरी तळाशी उरलेला माल गोळा करायला माणसं खाली उतरतच होती.

पलीकडे, सुपीरियरच्या काठी, मला आणखी एक गोष्ट फार आवडते. तिथल्या उंच धक्क्यांवर वाघिणी रिकाम्या व्हायच्या, खनिज कप्प्यांत साठायचं आणि घसरणीवरून आपल्या वजनानेच जहाजात पडायचं. कप्पे एकमेकांपासून १२ फुटांवर, म्हणून जहाजांच्या मालकोठीच्या झाकणांच्या रांगा बरोबर दुप्पट, २४ फुटांवर ठेवत. म्हणजे धक्क्याच्या मापाने जहाज बांधलं जायचं! बाजूने घेतलेल्या फोटोत हे मोजून बघता येतं.

पुढे स्वतःच माल उतरवणारी जहाजं आली आणि १९९२ मध्ये क्लीव्हलंडची हुलेट थांबली. चारपैकी दोन २००० मध्ये मोडली. उरलेली दोन सुटी करून ठेवली होती, तीही २०२४ मध्ये भंगारात गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता ती फोटोंतच बघायची.

डेलानो यांच्या फोटोखाली रेल्वेचं नाव आहे, यंत्राचं आहे, शहराचं आहे. चालकाचं नाही. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा बघतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो मोफत मिळतो. मोठ्यात मोठी फाइल उतरवून घ्या आणि नजर आधी पंजाच्या वर न्या.