तुम्ही विचारलंत म्हणून : आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा

"सर, पोखरणच्या वेळी गावात पेढे तुम्हीच वाटलेत ना? मग दर सहा ऑगस्टला पोरांपुढे हिरोशिमा कशाला काढता? नक्की कुठल्या बाजूचे तुम्ही?"

पंचवीस वर्षं हा प्रश्न ऐकतोय. एसटीत, मासळी बाजारात, गणपतीला मुंबईहून आलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून. २०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान लढाईच्या त्या चार दिवसांत, तर दिवसातून दोनदा. दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता निवृत्त झालोय, म्हणून एकदा नीट सांगतो.

हो, पेढे मीच वाटले. ११ मे १९९८ ला तीन आणि १३ मे ला दोन, असे पाच स्फोट झाले. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, हायस्कूलात इतिहास शिकवत होतो. त्या एकतीस वर्षांच्या मास्तरवर मी आज सगळं ढकलून देणार नाही. त्याच्याजवळ कारणं होती. चीनने १९६४ मध्ये लोप नोरला बॉम्ब फोडला, तो आपण चीनकडून हरल्यानंतर दोनच वर्षांनी. १९७४ ला आपण एकदा करून दाखवलं आणि मग चोवीस वर्षं थांबलो. ज्यांच्याकडे हजारोंनी बॉम्ब होते तेच आपल्याला शहाणपण शिकवत होते. याचा राग मला तेव्हा होता आणि आजही आहे.

आणखी एक. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा प्रश्न यात मिसळू नका. तिथे जमीन, मासेमारी आणि वीज यांचं भांडण आहे, त्यावर माझं मत विचारायचं तर वेगळं विचारा.

आता त्या मे महिन्याचं सांगतो.

बारा तारखेला सकाळी मी अर्धा किलोचा बॉक्स घेऊन निघालो. वरची वाडी झाली, भंडारवाडी झाली, मग खाली खाडीच्या कडेच्या मोहल्ल्यात गेलो. तिथे आमचे चाचा राहायचे. सगळं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून काढलं, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, होऊन उतरले. माझ्या वडिलांचे दोस्त. मला अक्षर यायच्या आधीपासून ओळखणारे, पण मी शिक्षक झालो त्या दिवसापासून त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. चाची अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. चाचा पडवीत बसून आंब्याच्या रिकाम्या पेट्या सारख्या करत होते. मी पेढा पुढे केला. त्यांनी घेतला, तोंडात टाकला, हात झटकले आणि विचारलं, "मास्तर, ह्याची धग कुठवर जाते ओ?"

मला याहून चांगला प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नव्हता. मी खूश झालो. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता, मध्यबिंदूपासून साधारण दोन किलोमीटरच्या आतलं बहुतेक सगळं कोसळलं आणि जळालं, असं वर्गात सांगतो तसं सांगू लागलो. चाचा म्हणाले, "असं नाय समजत. काढून दाखवा." पेटीचा एक पुठ्ठा त्यांनी उलटा केला, कानावरची पेन्सिल घेतली आणि स्वतःच एक बंदर काढलं. समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ, तिच्या टोकाला दीपस्तंभ, "हा मनोरा." मग आतलं पाणी, गोदीचा धक्का, "ही केमारी." तिथून एक रेघ, "ही ट्राम, सदरपर्यंत." चार्टवर काम केलेल्या माणसाचा हात होता तो, कुठेही थरथर नाही. कराची होती ती. बरेचदा उतरलेले होते ते तिथे. "अंतरं बरोबर हायत बघा," म्हणाले.

मी शर्टाच्या खिशातून कंपास काढला. सुट्टीतसुद्धा खिशात कंपास ठेवणारा मास्तर होतो मी. त्यांना प्रमाण विचारलं, त्यांनी सांगितलं, मी केमारीच्या धक्क्यावर टोक रोवलं आणि वर्तुळ ओढलं. बंदर म्हणजे लष्करी लक्ष्य, म्हणून मध्यबिंदू तिथे, हेसुद्धा समजावलं. चाचा बराच वेळ बघत राहिले. मग चाची आतून म्हणाल्या, "चाय ठेवू का?" आणि मी चहा पिऊन घरी आलो.

रात्री जेवताना आई म्हणाली, "त्यांची बहीण कराचीला ना रे?"

मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फाळणीआधी लग्न होऊन गेलेली. कोकणातली किती घरं तिकडे गेली, तिथे कोकणी मुसलमानांची अख्खी सोसायटी आहे. ही बाई १९८६ मध्ये व्हिसा काढून महिनाभर माहेरी आली होती. आल्याची, गेल्याची पोलीस ठाण्यात नोंद करावी लागली, तेव्हा चाचांबरोबर मीच गेलो होतो. जाताना तिने पिशवीभर आमसुलं नेली आणि मला एक शाईचं पेन दिलं. मी विसरलो होतो असं म्हणून सुटता येईल, पण ते खरं नाही. विसरायला आधी आठवावं लागतं. कंपास फिरवताना तिथे माणसं राहतात हेच माझ्या मनात आलं नाही.

चाचांनी १९७१ सुद्धा पाहिलं होतं. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. ८ च्या रात्री पुन्हा, आणि केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. ९ तारखेला दीवजवळ आपली 'खुकरी' युद्धनौका बुडवली गेली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या आठवड्यात दोन्हीकडच्यांसाठी रडणारा माणूस होता तो, हे वडील सांगायचे. मी ऐकलेलं होतं.

माफी मागायला गेलो नाही. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता, की आनंदाच्या दिवशी हे मध्ये कुठून आलं.

२८ मे ला पाकिस्तानने चागईच्या डोंगरात स्फोट केले. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आमच्या दारात उभे. उन्हातून चढण चढून आले होते, बगलेत तोच पुठ्ठा. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला त्यांनी मुंबई काढून आणली होती. भाऊचा धक्का, माझगाव, घोडपदेव, डोंगरी. घोडपदेवला चाळीत माझा मोठा भाऊ, वहिनी, दोन पोरं. डोंगरीत चाचांचा थोरला मुलगा. "आता हितं काढा," म्हणाले.

आवाजात कडवटपणा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता. पेढा खाल्ला तेव्हा होता तसाच होता आवाज. मी कंपास आणला. माझगाव गोदीवर टोक ठेवलं आणि हात थांबला. तेव्हा चाचा म्हणाले, "काढा ओ मास्तर, त्या दिवशी काढलंत ना." मी वर्तुळ काढलं. घोडपदेव पूर्ण आत आलं. डोंगरीवरून रेघ गेली.

ते पुठ्ठा तिथेच ठेवून उतरून गेले. नंतर आठ वर्षं आम्ही भेटत राहिलो, त्यावर कधी बोललो नाही.

आता तुमचा प्रश्न. बॉम्ब नको होता का? मला सांगता येत नाही. १९९९ ला कारगिल झालं, म्हणजे बॉम्बमुळे युद्ध टळलं असं नाही. पण ते कारगिलपुरतंच राहिलं, आणि २००२ ला फौजा महिनोन्महिने समोरासमोर उभ्या राहून परत फिरल्या. त्यात बॉम्बच्या भीतीचा वाटा नव्हताच असं मी म्हणू शकत नाही. एकतीस वर्षांचा मास्तर मला म्हणतो, "बघ, माझंच खरं होतं." त्याला मी एवढंच विचारतो, "मग तू मुंबईचं वर्तुळ काढताना का थांबलास?" त्याच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडे त्याच्या कारगिलला उत्तर नाही. आम्ही दोघं असेच आहोत.

पण निवृत्त झालो तरी सहा ऑगस्ट मी सोडणार नाही. "हिरोशिमा कुठे, आपलं गाव कुठे," असं जे म्हणतात त्यांनी ऐका. १९४६ मध्ये जपानच्या ताब्यासाठी गेलेल्या फौजेत आपली मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती, पुढे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांच्या ब्रिगेडमध्ये. कोकणातल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं ज्या रेजिमेंटमध्ये भरती झाली, तीच ही. त्या फौजेचा मोठा तळ कुरे बंदरात होता, हिरोशिमाच्या अगदी शेजारी. आणि मुलांना मी रडवत नाही. शहराचे आकडे मी फळ्यावर एकदाच लिहितो : १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसं गेली. मग पुसतो आणि एका होडीची गोष्ट सांगतो.

याइझू बंदरातली ट्यूना पकडणारी होडी, 'दाइगो फुकुर्यू मारू', २३ माणसं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. होडी जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. पहाटे पश्चिमेला उजेड दिसला, आणि काही तासांनी पांढरी राख पडू लागली. माणसं राखेतच गळांचे दोर ओढत राहिली, कारण ओढायचे होते. रेडिओ सांभाळणारा कुबोयामा सप्टेंबरात गेला. त्याआधीच, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवा अशी मागणी केली होती.

माझ्या वर्गातली निम्मी पोरं मच्छीमारांची. ती किलोटन विचारत नाहीत. "मासळी टाकून का नाय आले?" विचारतात. "ती मासळी इकली का?" हो, इकली, आणि मग बाजाराबाजारांतून शोधून पुरावी लागली. एका मुलीने विचारलं होतं, "तेंच्या बायका धक्क्यावर आल्या असतील तेव्हा त्यांना कोणी सांगितलं?" हा प्रश्न मला १२ मे ला सुचला नव्हता. पोरांना तो वेळेवर सुचावा एवढंच मला हवं आहे. मग त्यांनी मोठेपणी बॉम्बच्या बाजूने मत दिलं तरी माझी तक्रार नाही.

भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, तिथे हल्ला करू नका म्हणून. वाईटातल्या वाईट वर्षीसुद्धा दिली. म्हणजे ठिकाणांची नावं घेता येतात. फक्त घरांची कोणी घेत नाही.

पुठ्ठा माझ्याकडे आहे, वह्यांच्या कपाटात. वर्गात कधी नेला नाही. पावसाळ्यात बुरशी धरतो म्हणून वर्षातून एकदा उन्हात ठेवतो. मुंबईच्या बाजूला चाचांनी घोडपदेव आणि डोंगरी दोन्हीकडे फुली मारली होती. कराचीच्या बाजूला फुली नाही. बहिणीचं घर वर्तुळाच्या आत होतं की बाहेर, ते त्यांनी दाखवलं नाही. आणि मी विचारलं नाही.