सव्वीस वर्षांनी एक झालेले रोट

माझं माहेर अमळनेर तालुक्यात. बाबा गेले तेव्हा वारस म्हणून भावासोबत माझंही नाव सातबाऱ्यावर लागलं, आणि नानांच्या घराशी चाललेला तंटाही माझ्या वाट्याला आला. नाना म्हणजे बाबांचे चुलतभाऊ.

मूळ कागदातच होतं. जमिनींचे विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले, त्या एकत्रीकरणात आमच्या वहिवाटीची जमीन त्यांच्या नावावर चढली, त्यांची आमच्या. कसणं जुन्याप्रमाणेच चालू राहिलं. बाबांनी विहीर खोदली ती कागदावर नानांच्या गटात. तिला पाणी लागलं आणि 1997 मध्ये कोर्टात दावा लागला. त्याच वर्षी बांधावर काठ्या निघाल्या आणि कानबाईचे, म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या नैवेद्याचे, रोट वेगळे झाले. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन रोटांचं दळण होतं, आणि रोट भाऊबंदांनी मिळूनच खायचे असतात. ते वेगळे झाले म्हणजे काय झालं, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही.

2023 च्या जानेवारीत सरकारची सलोखा योजना आली. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि हा ताबा किमान 12 वर्षांचा असला, तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. अट एकच अवघड: दोन्हीकडची संमती.

भाऊ नानांची पायरी चढायला तयार नव्हता. मी गेले. माहेरवाशिणीला ओट्यावरून कुणी परत पाठवत नाही. काकूंनी पाणी दिलं. नाना बराच वेळ गप्प होते, मग एवढंच म्हणाले, "आणि विहीर?"

मी म्हटलं, "नाना, कागद तुमचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण घाम बाबांचा आहे."

त्यांनी तीन आठवडे काही कळवलं नाही. शेवटी त्यांच्या आई, आमची आजी, बोलली: "माले आते भांडन नको. रोट एक जोयजेत." त्यानंतर नाना स्वतः तलाठ्याकडे आले.

पंचनाम्याला तलाठी आणि मंडळ अधिकारी बांधावर आले. लगतच्या शेतकऱ्यांनी वहिवाट कुणाची हे सांगायचं होतं. मला धास्ती होती ती एका शेजाऱ्याची, कारण कोर्टात त्यांनी आमच्याविरुद्ध साक्ष दिली होती. कापसाची वेचणी अर्धी टाकून ते आले. "मी पोऱ्या होतो तेव्हापासून हे असंच कसताहेत," म्हणाले, आणि सही केली. ज्यांच्या सहीची गरजही नव्हती असे चार-पाच जण बांधावर येऊन उभे होते. गाव इतकी वर्षं याचीच वाट बघत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आमची चूक एक झाली, ती तुम्ही करू नका. नानांची बहीण सुरतेला असते. तिचंही नाव उताऱ्यावर आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. तिला यायला जमेना, म्हणून दस्त दीड महिना अडला. आधी दोन्ही सातबारे काढा आणि प्रत्येक नावाच्या माणसाशी बोला, विशेषतः लेकीबाळींशी.

दस्त झाला, फेरफार पडला. जुना दावा लोकअदालतीत तडजोडीनं मिटवला. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे पुढच्या पिढीला तो उकरता येणार नाही याचं मला फार समाधान आहे.

पुढच्या श्रावणात नानांच्या घरचे गहू आमच्या सुपात पडले. आजी एकेक नाव घेत मुठी मोजत होती. मोजता मोजता तिच्या तोंडून बाबांचं नाव निघालं. ती मूठ कुणीच परत काढली नाही.