पेन्सिलीचे गोल

माझं कुठलंही पुस्तक उघडा, मालक कोण ते लगेच कळेल. मजकुरात रुपये-आणे आले की त्याभोवती पेन्सिलीचा गोल असतो. एकतीस वर्षं सहकारी बँकेत कॅश सांभाळली, त्याची ही खोड. कादंबऱ्या मला झेपत नाहीत. त्यातली माणसं महिन्याचा खर्च कशी भागवतात हेच कळत नाही, मग त्यांच्या प्रेमात लक्ष कसं लागणार? म्हणून माझ्या दोन फळ्यांवर सगळी घडलेलीच पुस्तकं आहेत.

सगळ्यात जास्त गोल विष्णुभट गोडश्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. तिकडं ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाला. निघाला पैशासाठी आणि सापडला बंडात. झाशीच्या वेढ्यात तो आत होता. गोरे शहरात शिरल्यावरची कत्तल आणि लूट त्यानं डोळ्यांनी पाहिली. इतिहासाची पुस्तकं राणीच्या तलवारीपाशी थांबतात. हा ब्राह्मण मात्र आपण कुठं किती मिळवलं आणि ते कुठं लुटलं गेलं, ते सांगत बसतो. शेवटी घरी काय आणलं, तर गंगाजलाची कावड! आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घातलं. ताळेबंद म्हणून बघाल तर दौरा साफ तोट्यात. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' माझ्याकडे होतं. एका स्नेह्यांनी नेलं आणि मग त्यांनी घर बदललं. नवी प्रत घेतली, पण जुन्यातल्या खुणा गेल्या त्या गेल्याच. नवऱ्याच्या, म्हणजे कवी ना. वा. टिळकांच्या, हातात पैसा ठरायचा नाही, आणि ठिगळं लावायची लक्ष्मीबाईंनी. रडगाणं मात्र एका ओळीचं नाही. त्यांच्या वडिलांचं सोवळं तर असं, की घरात येणारं मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचं! धुतल्यावर शेरातलं किती उरत असेल, हा हिशेब मी प्रत्येक वाचनात करून बघतो. जमत नाही.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) माझी पेन्सिल अडली. गोल फारच थोडे. आधी वाटलं, लेखकाला पैशाचं बोलायचं नसावं. दुसऱ्यांदा वाचताना उमगलं. बलुतं म्हणजे गावकीच्या कामापोटी मिळणारा धान्याचा वाटा. त्याला ना पावती ना पगारपत्रक. मिळेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. ज्या कामाचा आकडाच कुणी लिहिला नाही, त्याला मी गोल कशाभोवती काढणार? व्हाउचरशिवाय रुपया न देणारा मी, त्या रात्री उशिरापर्यंत जागा होतो.

अनिल अवचटांची आठ-दहा आहेत. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांवर त्यांनी लिहिलं, तसं जाऊन, बसून, विचारून लिहिणारा माणूस मला कायम जवळचा वाटला. ओरिगामीवरचं मात्र मी चाळून ठेवून दिलंय. माझ्या बोटांना फक्त नोटा मोजता येतात.

गोल नसलेलं पुस्तक फळीवर एकच, इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती'. त्यातल्या शीर्षकलेखात बाईंची ओळख सभेत करून देतात ती अमक्याची मुलगी, तमक्याची सून, पत्नी अशी. तरी काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यातली पोरं एकमेकांना दाखवतात, ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तिथं लेख पुरा होतो.

त्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. पुस्तकाचे कान पिरगाळलेले मला अजिबात खपत नाहीत, घरात सगळ्यांना माहीत आहे. हा दुमडलाय आमच्या हिनं, मुलगा बंगळुरूला गेला त्या वर्षी. सरळ करायला हात गेला होता. राहू दिला.