पुढच्याची टोपी

सोमवार, रात्री

कापसातून सरकी काढायचा, जिनिंगचा हंगाम संपलाय. ऑफिसातला पंखा गरम हवाच खाली ढकलतो आणि मी वर्षभराच्या वजनपावत्या फायलींना लावत बसते. पारा ४४ च्या पुढे. अशा दुपारी डोक्याला काहीतरी चारा लागतो. या आठवड्याचा चारा काल रात्री आमच्या कोड्यांच्या ग्रुपवर भुसावळहून आला.

भुसावळकर मालगाडीवर गार्ड आहेत. बोलतात कमी, कोडी घालतात तीही मोजक्या शब्दांत. या वेळचं असं:

पेटीत तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या टोप्या आहेत. बैलगाडीत तिघे एकामागे एक बसलेत, तोंडं पुढे. अंधारात तिघांच्या डोक्यावर एकेक टोपी घातली आणि उरलेल्या दोन लपवल्या. उजाडल्यावर सगळ्यात मागच्याला पुढच्या दोघांच्या टोप्या दिसतात, मधल्याला फक्त पुढच्याची, पुढच्याला कुणाचीच नाही. मागच्याला विचारलं, तुझी टोपी कोणती? तो म्हणाला, सांगता येत नाही. मधला म्हणाला, मलाही नाही. मग पुढचा म्हणाला, मला कळली. कोणती, आणि कशावरून?

आमच्याकडे शिस्त कडक. उत्तर ज्याने कोडं घातलं त्यालाच खाजगीत पाठवायचं, बाकीच्यांसमोर फक्त ‘मन्हं व्हई गयं’, माझं झालं, एवढंच. बुधवारी रात्री नऊला कोडं उघडायचं. आणि फोड कोणी लिहायची? ज्याचं सगळ्यात शेवटी सुटलं त्याने. हा नियम शिरपूरच्या ताईंचा. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याला सुटतं तेव्हा तो कुठून कसा आला हे त्याचं त्यालाच आठवत नाही. शेवटच्याला मात्र आपण कुठे अडलो होतो ते चांगलं लक्षात असतं.

जेवताना नानांना कोडं वाचून दाखवलं. सासरेबुवांना मोबाइलवर वाचायला जमत नाही, ऐकायला मात्र आवडतं. डोळे मिटून ऐकलं, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “मांगला येडा असना तं?”

मागचाच वेडा असला तर? मी हसले. आता झोपायला गच्चीवर आलेय तर तोच प्रश्न डोक्यात घोळतोय.

मंगळवार

माझं सकाळीच झालं होतं, भुसावळकरांना पाठवलंही. शिरपूरच्या ताई अजून गप्प.

पूर्वी त्यांची चुप्पी हीच मोठी खूण असायची. ताईंचं अर्ध्या तासात झालं नाही की बाकीचे समजायचे, सोपं दिसतंय ते उत्तर फसवं आहे, परत वाचा. ताईंनी एक अक्षरही न बोलता सगळ्यांना सावध केलेलं असायचं. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या सोप्या कोड्यांनाही मुद्दाम उशीर करायला लागल्या. आता त्यांच्या गप्प बसण्यातून काहीच कळत नाही. चाळीसगावात बसून शिरपूरच्या बाईंच्या मौनाचा अर्थ लावायचा, हा आमचा जोडधंदा बुडाला.

बुधवार, रात्री उशिरा

शेवटचा नंबर धुळ्याच्या मुलीचा लागला. बी.एस्सी.ला आहे, परीक्षा चालू आहे, तरी चिकटून होती. तिने फोड सुरेख लिहिली.

मागच्याला पुढे दोन्ही काळ्या दिसल्या असत्या तर त्याने लगेच सांगितलं असतं की माझी पांढरी, कारण काळ्या दोनच. तो अडला, म्हणजे पुढच्या दोघांत निदान एक तरी पांढरी आहे. हे मधल्याने ऐकलं. आता मधल्याला पुढे काळी दिसली असती तर ‘निदान एक पांढरी’ ती माझीच, असं त्याने सांगितलं असतं. तोही अडला. म्हणजे पुढच्याच्या डोक्यावर पांढरी.

आणि खाली तिने लिहिलं: “मी अडले होते कारण मी टोप्या बघत होते. त्या तिघांचं ऐकतच नव्हते.”

ज्याला काहीच दिसत नाही त्यालाच कळतं, आणि ते दुसऱ्या दोघांना कळलं नाही म्हणून. या जातीची कोडी मला फार आवडतात. २०१५ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या शाळकरी मुलांच्या ऑलिंपियाडमधलं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं जगभर फिरलं, तेही याच घराण्यातलं. शेरिल दहा तारखा सांगते: १५, १६, १९ मे, १७, १८ जून, १४, १६ जुलै, १४, १५, १७ ऑगस्ट. आल्बर्टच्या कानात फक्त महिना, बर्नार्डच्या कानात फक्त तारीख. आल्बर्ट म्हणतो, मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे. एवढ्यावर मे आणि जून उडतात, कारण १९ आणि १८ एकेकदाच आलेत. महिना त्यांतला असता तर आल्बर्टला अशी खात्री देता आली नसती. बर्नार्ड म्हणतो, मग मला कळलं. म्हणजे १४ नाही, ती दोन्ही महिन्यांत आहे. उरल्या १६ जुलै, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट. आल्बर्ट म्हणतो, आता मलाही कळलं. ऑगस्ट असता तर दोन तारखांत तो अडकला असता. १६ जुलै!

फोड झाल्यावर मी नानांचा प्रश्न टाकला. मागचा वेडा असला तर? आधी हसण्याची चित्रं आली, मग सगळे गप्प. भुसावळकरांनी ड्यूटीवरूनच लिहिलं की प्रश्न बरोबर आहे. मागच्याला दोन काळ्या दिसूनही डोकं चाललं नाही म्हणून तो ‘सांगता येत नाही’ म्हणाला असेल, तर पुढचा सगळा हिशोब कोसळतो. तिघेही खरं बोलतात, तिघेही हुशार आहेत आणि तिघांनाही बाकीचे हुशार आहेत हे माहीत आहे, एवढं कोड्यात लिहायला हवं होतं. त्यांनी ते वाक्य जोडून कोडं परत टाकलं, वर ‘नानांची दुरुस्ती’ असं लिहून.

नाना ऐकून म्हणाले, “आखाजीले पत्ते खेयतस तव्हय हाईच पाहतस.” अक्षय्य तृतीयेला पत्ते खेळतात तेव्हा हेच बघतात. खरंच की. समोरचा हुकूम का टाकत नाही, हे त्याला खेळता येतं असं धरल्यावरच वाचता येतं.

शुक्रवार

नणंदबाई आखाजीला माहेरी आल्यात, अजून आहेत. त्यांची पोरं घरात राहीनात, म्हणून भल्या सकाळी चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो. देवीचं दर्शन झालं, पोरांना माकडं दिसली, डोंगर करपलेला. पोरांना तिथल्या शिलालेखाचं सांगितलं.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याचा हा लेख १२०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावर अजून वाद आहे. त्यांनी स्वतः सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं नाव दिलंय. मला त्या वादापेक्षा लेखाचा जुन्या मराठीतला शेवट आवडतो. पाटणच्या बाजारातल्या मालावरचं उत्पन्न मठाला दिलं आणि घाण्यामागे पळीभर तेल. आमच्यातले पारोळ्याचे एक जण तेलाचा घाणा चालवतात. त्यांना कळवलं तर उत्तर आलं, “म्हणजे आमचं तेल आठशे वर्षांपासून गणितातच जळतंय.”

सावलीत बसून पोरांना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं मोराचं कोडं घातलं. खांब नऊ हात उंच, वर मोर. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सत्तावीस हातांवरून, साप बिळाकडे निघाला आणि मोराने तिरपी झडप घातली. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? मोठ्याने काडीने जमिनीवर काटकोन काढला, धाकटा म्हणाला मोर उडतो म्हणून जोरात जाईल. मग त्याला सांगितलं की दोघांची चाल सारखी, हे श्लोकातच बांधून दिलंय. सारखी चाल म्हणजे सारखं अंतर. बिळापासून बारा हात धरले तर साप पंधरा चालला. मोराचं तिरपं अंतर नऊ आणि बाराच्या वर्गांवरून काढलं तर तेही पंधरा. जमलं.

छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, हा माणूस श्लोकाच्या मात्रा सांभाळतो, मोराचा डौल सांभाळतो आणि अटही विसरत नाही. नानांना तिथे बोट ठेवायला जागाच नाही.

रावेरच्या भाऊंनी मागे या कोड्यावर हरकत घेतली होती. केळीच्या बागेत त्यांनी साप जन्मभर पाहिलेत. साप सरळ बिळाकडे जातच नाही, पाल्यात शिरतो, म्हणाले. ताईंनी त्यांना एका ओळीत गप्प केलं होतं: “भाऊ, हा साप संस्कृतमधला आहे.”

रविवार, रात्री

आज रावेरच्या भाऊंचा नंबर. दुपारीच फोन आला, आधी मला वाचून दाखवायचं होतं. “नानांना पण ऐकव.” स्पीकर लावला.

केळीचे घड, दोन ट्रक, एक पूल. पुलावरून एका वेळी ठरावीक वजनच जातं, सगळा माल कमीत कमी फेऱ्यांत सावद्याला पोचवायचा. कोडं चार ओळींचं. पण भाऊंनी बुधवारच्या प्रकारानंतर अटी जोडल्यात: घड वाटेत पिकत नाहीत, घडाचे तुकडे करायचे नाहीत, ड्रायव्हर खरं बोलतो, काटा बरोबर आहे, पूल मध्येच खचत नाही, वाटेत कोणी फणी उतरवून घेत नाही. संपेचनात.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, भाव पडला तं व्यापारी मालच लेनार नही, ते कुठे लिखं?

भाऊ फोनवर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, लिहितो. नऊला कोडं आलं तेव्हा सातवी अट होती.