भावी वाटचालीस शुभेच्छा

पिंपरीतील एका कारखान्याच्या आस्थापना विभागात मी 31 वर्षे नोकरी केली. त्या काळात कार्यमुक्तीची किती पत्रे माझ्या हातून गेली याची मोजदाद नाही, पण त्यांचा साचा आजही तोंडपाठ आहे. सदर कर्मचारी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या सेवेत होते, त्यांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला आहे, त्यांच्याकडून कोणतेही येणे बाकी नाही, आणि सर्वांत शेवटी, त्यांच्या भावी वाटचालीस शुभेच्छा.

1996 मध्ये असेच एक पत्र मी एका पर्यवेक्षकासाठी तयार केले. त्याच्या विभागात शिकाऊ म्हणून आलेल्या एका मुलीने त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली होती, दोन कामगारांनी ती खरी असल्याचे सांगितले होते आणि त्याने स्वतःही ती फारशी नाकारली नव्हती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा प्रकरणातील निकाल यायला अजून वर्ष होते, त्यामुळे अशा तक्रारीचे पुढे काय करायचे याची कुठलीच रीत ठरलेली नव्हती. साहेब म्हणाले, “बाई, ‘वैयक्तिक कारणास्तव’ असेच लिहा. कंपनीचे नाव वर्तमानपत्रात जायला नको.” सही साहेबांची होती, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाची आद्याक्षरे असतात, ती माझी होती. महिन्याभरात तो माणूस चाकणच्या दुसऱ्या कारखान्यात रुजू झाला.

हे पत्र इतक्या वर्षांनी आठवण्याचे कारण ऑक्सफॅम ही ब्रिटिश मदत संस्था.

2018 च्या जानेवारीत मी मुलीकडे इंग्लंडला गेले होते. रेडिंगजवळच्या तिच्या गावात ऑक्सफॅमचे दुकान होते आणि दिवसभर घरात बसून करायचे काय, म्हणून महिनाभर तिथे स्वयंसेवक म्हणून जायचे मी ठरवले. लोकांनी दान केलेले कपडे, पुस्तके, भांडी विकून येणारा पैसा संस्थेच्या कामासाठी जातो, अशी शेकडो दुकाने तिथे गावोगावी आहेत. मला ती संस्था मनापासून आवडली होती. 1942 मध्ये नाझींच्या ताब्यातील ग्रीसमध्ये माणसे उपासमारीने मरत होती आणि दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे तिथे अन्न पोहोचत नव्हते, तेव्हा ऑक्सफर्डमधील काही नागरिकांनी एकत्र येऊन, आपल्याच सरकारच्या युद्धधोरणाला विरोध पत्करून, ही समिती स्थापन केली. 1951 मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा हीच संस्था मदतीला आली होती. अशा संस्थेसाठी शर्टांच्या खिशांत काही राहिले नाही ना, हे तपासणे आणि हँगरला मापाची प्लास्टिकची कडी लावणे हे मला हलके काम वाटले नाही.

शुक्रवार, 9 फेब्रुवारीला ‘द टाइम्स’मध्ये पहिली बातमी आली. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपाने हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाल्यानंतर जगभरातून जी मदत तिथे गेली, तिच्यात ऑक्सफॅमचा वाटा मोठा होता. त्या कामावरील काही कर्मचाऱ्यांनी संस्थेने भाड्याने घेतलेल्या निवासस्थानी वेश्यागमन केल्याचे 2011 च्या अंतर्गत चौकशीत निघाले होते. चौघांना बडतर्फ केले गेले आणि तिघांनी राजीनामे दिले. राजीनामा देणाऱ्यांत संस्थेचे हैतीतील प्रमुख रोलंड व्हान हॉवरमायरन होते. आपल्या निवासस्थानी वेश्यांशी संबंध आल्याचे त्यांनी मान्य केल्याची नोंद त्या अहवालात आहे. पुढे 2018 मध्ये त्यांनी पैसे देऊन संबंध ठेवल्याचा आरोप नाकारला. त्यांना बडतर्फ न करता टप्प्याटप्प्याने आणि सन्मानाने बाहेर पडू द्यावे असे ठरले, आणि त्यामागचे कारणही अहवालात स्पष्ट लिहिले होते: तडकाफडकी काढल्यास संस्थेच्या कामावर आणि प्रतिष्ठेवर गंभीर परिणाम होतील. मुलीच्या स्वयंपाकघरात उभ्याने ते वाचताना मला आमच्या साहेबांच्या टेबलापलीकडचा आवाज ऐकू आला.

पुढचे वाचून मी खाली बसले. हेच गृहस्थ 2004 मध्ये लायबेरियात मर्लिन नावाच्या वैद्यकीय मदत संस्थेत होते आणि तिथेही अशाच तक्रारींवरून चौकशी होऊन बाहेर पडले होते. त्यानंतर ऑक्सफॅमने त्यांना चाडमध्ये प्रमुख म्हणून घेतले, चाडमधील वर्तनाबद्दलही तक्रारी असताना भूकंपानंतर हैतीला नेमले, आणि हैती सुटल्यावर 2012 मध्ये ते बांगलादेशात ‘अ‍ॅक्शन अगेन्स्ट हंगर’ या संस्थेचे काम पाहू लागले. त्यांना घेताना हैतीत काय घडले हे ऑक्सफॅमने आम्हाला सांगितले नाही, असे त्या संस्थेने नंतर जाहीर केले. चार देश आणि तीन संस्था झाल्या, तरी पुढच्या मालकाला मागच्या मालकाने खरे सांगितले असे एकदाही घडले नाही. ज्याने आयुष्यभर सेवापुस्तके हाताळली आहेत त्याला हे कसे घडते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नोकरी देणारा तारखा जुळतात की नाही ते पाहतो, नोकरी सोडवणारा वाद टाळतो, आणि दोन तारखांच्या मध्ये जे घडलेले असते ते कुठल्याच कागदावर उतरत नाही.

2011 मध्ये ऑक्सफॅमने सगळेच लपवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. गैरवर्तन आढळल्याचे त्यांनी जाहीर केले होते आणि इंग्लंड-वेल्समधील धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनलाही कळवले होते. आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांच्या जागी तिथे हे कमिशन असते. परंतु मदतनिधीत अफरातफर झालेली नाही आणि मदत घेणाऱ्यांवर अत्याचार झाल्याचा आरोप नाही, यावर भर देऊन नेमके काय घडले ते मोघमच ठेवले गेले. वेश्याव्यवसाय हैतीत बेकायदा असूनही तिथल्या पोलिसांना कळवले नाही. ज्या देशाची राजधानी ढिगाऱ्याखाली होती, तिथे कळवून कारवाई होण्याची शक्यता नव्हती, असे त्याचे समर्थन केले गेले. मला हे समर्थन सगळ्यांत जास्त खटकते. पोलीस ठाणे चालत नाही ही भूकंपग्रस्तांची आपत्ती होती आणि तीच इथे संस्थेची सोय ठरली.

चॅरिटी कमिशनने आपल्या चौकशीचा अहवाल 11 जून 2019 रोजी प्रसिद्ध केला आणि संस्थेला अधिकृत ताकीद दिली. खरे पूर्ण न सांगण्यामागे संस्थेचे नाव आणि देणगीदारांशी असलेले संबंध जपण्याची इच्छा होती, असा निष्कर्ष त्यात आहे. त्याच अहवालात दोन ईमेलचा उल्लेख आहे. 2011 च्या उन्हाळ्यात ते संस्थेकडे आले होते. आपण आणि आपली मैत्रीण अल्पवयीन असून ऑक्सफॅमच्या माणसांनी आपल्याला मारहाण व अत्याचार केले, असे 13 वर्षांच्या मुलीच्या नावाने त्यांत लिहिले होते. ते खरे नसावेत असा संस्थेचा समज झाला. ते खरे होते की कुणी रचलेले, याचा निर्णय कमिशनलाही देता आला नाही, मात्र त्यांचा माग काढण्याचा जो प्रयत्न व्हायला हवा होता तो झाला नाही, असे त्याने नोंदवले. 13 वर्षांच्या मुलीच्या नावाने आलेला कागद ‘खोटा असावा’ म्हणून बाजूला ठेवणे फार सोपे असते, कारण तो खरा निघाल्यास जे करावे लागेल ते फार अवघड असते.

आता पैशाविषयी, कारण सगळे शेवटी तिथेच येऊन थांबत होते. संस्थेचे वार्षिक उत्पन्न तेव्हा 40 कोटी पौंडांच्या आसपास होते आणि त्यांतील सुमारे 3 कोटी 20 लाख पौंड एकट्या ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याकडून आले होते. खात्याच्या मंत्री पेनी मॉर्डंट यांनी खडसावल्यावर सरकारी निधीसाठी नवे प्रस्ताव न देण्याचे ऑक्सफॅमने मान्य केले. डायरेक्ट डेबिटने दरमहा देणगी देणाऱ्या 7000 जणांनी दहा दिवसांत ती बंद केली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी संस्थेच्या राजदूतपदाचा त्याग केला. जूनमध्ये हैती सरकारने ऑक्सफॅमच्या ब्रिटिश शाखेला काम करण्याची परवानगी कायमची नाकारली, आणि त्याच सुमारास 1 कोटी 60 लाख पौंडांची काटकसर करावी लागणार असल्याची बातमी आली. ही काटकसर म्हणजे कुठल्या तरी छावणीतील पाण्याची टाकी आणि कुठल्या तरी कारकुनाची नोकरी. ज्यांनी 2011 मध्ये निर्णय घेतले त्यांतील बहुतेकांनी तोवर संस्था सोडली होती.

परदेशी मदतच बंद करा म्हणणाऱ्यांना या प्रकरणाने आयते निमित्त मिळाले आणि त्यांनी ते सोडले नाही. पण त्यांच्या भीतीने गप्प राहणे हाच तर मूळचा दोष होता. देणगीदार दुखावतील म्हणून 2011 मध्ये जे झाकले, ते झाकले होते म्हणूनच 2018 मध्ये ते कितीतरी अधिक दुखावले गेले.

तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क गोल्डरिंग 2013 मध्ये पदावर आले होते, म्हणजे हैतीचा निर्णय त्यांचा नव्हता. तरीही वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी, आम्ही काय पाळण्यातली बाळे मारली का, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि काही दिवसांत त्यांना खासदारांच्या समितीपुढे त्याबद्दल माफी मागावी लागली. त्या वर्षाच्या अखेरीस पद सोडण्याचे त्यांनी पुढे मे महिन्यात जाहीर केले. उपमुख्याधिकारी पेनी लॉरेन्स यांनी मात्र पहिल्याच सोमवारी राजीनामा दिला. चाड आणि हैतीतील काम 2011 मध्ये त्यांच्या अखत्यारीत होते, आणि आपल्या कारकिर्दीत हे घडले याची लाज वाटते, पूर्ण जबाबदारी माझी आहे, असे त्यांनी म्हटले. सगळ्या प्रकरणात जबाबदारी प्रथमपुरुषी एकवचनात स्वीकारणारे हे वाक्य मला लक्षात ठेवावेसे वाटते.

परंतु माझ्या दृष्टीने या कथेतील खरी जाणती व्यक्ती हेलन इव्हान्स होत्या. 2012 ते 2015 या काळात त्या ऑक्सफॅमच्या सेफगार्डिंग विभागाच्या प्रमुख होत्या, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर यायच्या. कर्मचाऱ्यांना विचारले जाऊ लागले तशा तक्रारी वाढत गेल्या, त्यांतल्या काही ब्रिटनमधील दुकानांत काम करणाऱ्या किशोरवयीन स्वयंसेवकांच्याही होत्या, आणि वाढत्या कामासाठी माणसे व पैसा मागूनही आपल्याला पुरेसे मिळाले नाही, असे त्यांनी चॅनल फोर या ब्रिटिश दूरचित्रवाहिनीवर सांगितले. तक्रारी वाढल्या याचा अर्थ गैरप्रकार वाढले असा होत नाही, कोणीतरी ऐकणारे आहे एवढे लोकांना कळले, असा होतो. आस्थापना विभागातील कोणालाही हे ठाऊक असते, आणि तरी वर्षअखेरच्या अहवालात ‘तक्रारी: निरंक’ असे लिहिताना सगळ्यांनाच बरे वाटते.

मंगळवारी, 13 तारखेला, मी दुकानात गेले तेव्हा कोणी येणार नाही असे मला वाटले होते. मागच्या खोलीत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई नेहमीसारख्या बसल्या होत्या आणि दानात आलेल्या जिगसॉ कोड्याचे तुकडे मोजत होत्या. कोडे 1000 तुकड्यांचे. पंचवीस-पंचवीसचे ढीग करून त्या मोजायच्या आणि एखादा तुकडा कमी भरला तर खोक्यावर पेनने तसे लिहून किंमत उतरवायच्या. सकाळीच एका गिऱ्हाइकाने गल्ल्यापाशी उभे राहून त्यांना वाटेल ते सुनावले होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू केली. मी शेजारी बसून निम्मे ढीग माझ्याकडे ओढले. हैतीशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. गेली 19 वर्षे त्या दर मंगळवारी येत होत्या आणि त्यांच्या 19 वर्षांच्या मंगळवारांचे नाव जपण्यासाठीच म्हणे ऑक्सफर्डमध्ये बसलेल्यांनी ती गोष्ट झाकली होती. त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, याबद्दल मला शंका नाही.

पुढच्या काळात बरेच बदल झाले. जानेवारी 2019 मध्ये मदत संस्थांनी मिळून एक योजना सुरू केली, तिच्यात सामील झालेली संस्था माणूस घेण्यापूर्वी त्याच्या मागच्या पाच वर्षांतील मालकांना थेट विचारते की लैंगिक गैरवर्तनाबद्दल तो दोषी आढळला होता का, चौकशी चालू असताना त्याने नोकरी सोडली का. त्याच महिन्यात धनंजयन श्रीस्कंदराजा ऑक्सफॅमचे प्रमुख झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये चॅरिटी कमिशनने संस्थेवरची विशेष देखरेख उठवली, आणि दोनच महिन्यांत काँगोमधील कर्मचाऱ्यांवरच्या आरोपांमुळे ब्रिटिश सरकारने निधी पुन्हा थांबवला. या दुसऱ्या वेळी अनेकांनी हात टेकले, पण चौकशी आधीपासून चालू होती आणि दोघांना निलंबित केले होते, हा फरक मला लहान वाटत नाही.

एवढ्या सगळ्या कागदांमध्ये एक गोष्ट मी शोधत राहिले. हैतीतील त्या घरात ज्या बायका-मुली गेल्या त्यांची वये काय होती, भूकंपात त्यांचे कोण गेले, त्या नंतर कुठे गेल्या. सात पुरुषांचे काय झाले ते अहवालात आहे. त्या बायकांपैकी कोणाचे काय झाले ते नाही, कारण 2011 मध्ये कोणी त्यांच्यापर्यंत जाऊन विचारण्याचा पुरेसा प्रयत्नच केला नाही.

आमच्या कारखान्यातील त्या शिकाऊ मुलीने तीन महिन्यांनी नोकरी सोडली. तिला का सोडतेस असे मी विचारले नाही. तिचेही कार्यमुक्तीचे पत्र मीच तयार केले, कार्बन लावून दोन प्रती, खाली माझी आद्याक्षरे. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा, येणे बाकी काही नाही, आणि शेवटचे वाक्य पर्यवेक्षकाच्या पत्रात होते तेच.