रामपत्रीसाठी दोन दिवस: बोंडला, वाळपई, बांबर

वनस्पती उद्यानांना मिळणारी छोटी अनुदानं बहुधा वर्षभराची असतात. रामपत्री या रानजायफळाच्या कुळातल्या झाडाचं बी मात्र उघड्यावर आठवडाभरही तग धरत नाही. या दोन वेळापत्रकांची गाठ आधी बांधली नाही, तर पैसा येतो तेव्हा बी नसतं आणि बी पडतं तेव्हा पिशव्या भरलेल्या नसतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोव्यातली ही फेरी अर्ज लिहिण्याआधी, झाडं मोजण्यासाठी केली. मागून जाणाऱ्यांना लागेल तेवढं इथे देत आहोत.

पहिला दिवस बोंडला अभयारण्यातल्या वनस्पती उद्यानाचा. पणजीहून फोंडा, उसगाव असं साधारण ५० किलोमीटर. गुरुवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. कुठल्याही उद्यानात गेलात की झाडाआधी नोंदवही पाहा: बी कुठल्या रानातलं, कोणत्या साली आणलं, किती मातृवृक्षांचं. ही माहिती नसलेलं झाड शाळेच्या मुलांना दाखवायला चांगलं, पण रानात परत लावण्यासाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. रामपत्रीत आणखी एक अडचण आहे. नर झाड वेगळं, मादी वेगळी. उद्यानात एकुलतं एक झाड असेल तर ते कितीही डेरेदार असलं तरी बी धरणार नाही. रोप फुलावर येईपर्यंत नर-मादी ओळखू येत नाही, त्यामुळे दोन-चार रोपं लावून काम झालं असं समजू नका.

वाळपईला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरी तालुक्यातलं बांबर गाव गाठलं. इथली निरंकाराची राय ही देवराई, आणि तिच्यातच रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल. पश्चिम घाटातल्या अशा बहुतेक दलदली भातशेती आणि पोफळीच्या बागांखाली गेल्या. ही देवाच्या नावावर राहिली. आधी गावकऱ्यांना भेटा, काय करणार ते मराठी-कोंकणीत समजावून सांगा, चपला बाहेर काढा. झाडाला खिळा ठोकून नंबर लावायचा विचारही करू नका. दाट सावलीत मोबाइलचं जीपीएस दहा-वीस मीटर हुकतं, म्हणून ओहोळाला धरून हाताने नकाशा काढा आणि त्यावर झाडं मांडा. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं दिसतील. पाण्याखालच्या मुळांना हवा तिथून मिळते. त्यांच्यावर पाय देऊ नका. घेर एरवी जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात; आधारमुळं तितकी उंच असतील तर त्यांच्या वर मोजून ती उंची वहीत लिहा.

सत्तरीत २०१५ साली गोचिडींमुळे होणारा माकडताप पसरला होता. डिसेंबर ते मे या दिवसांत गोचिडींची भीती जास्त असते. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, पॅन्ट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर अंग तपासा. रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पाऊस लागला की जळवा आल्याच.

आता बी. फळं पावसाच्या तोंडाशी आणि पहिल्या सरींत पडतात, पण झाडागणिक मागेपुढे होतं. गळून पडलेलंच घ्या, आणि निम्म्याहून जास्त जागेवरच सोडा. धनेश पक्ष्याचा वाटा त्यात आहे. बियांवरची लाल जाळी म्हणजेच मसाल्याच्या बाजारातली रामपत्री. ती मिळवण्यासाठी कच्ची फळं तोडली जातात तिथे झाडाखाली रोप सापडत नाही. जाळी त्याच दिवशी काढा, नाहीतर बुरशी धरते. बी उन्हात वाळवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, हवाबंद डब्यात तर नाहीच. ओलसर काथ्याच्या भुशात, भोकं पाडलेल्या पिशवीत, सावलीतून आणा. बियाणे पेढीत साठवण्याच्या जातीचं हे बी नाही. जिवंत झाडांची बाग हाच त्याचा साठा.

दहा मातृवृक्षांचं प्रत्येकी ६० बी धरलं तर ६०० होतात; निम्मं उगवेल असं गृहीत धरून हिशेब करा. प्रत्येक झाडाचा वाफा वेगळा, नावाची पाटी वेगळी. दहा झाडं नसतील तर जेवढी आहेत तेवढी लिहा, आकडा फुगवू नका. वाळूच्या वाफ्यात दोन सेंटिमीटर खोल पेरा. उगवण एका दमात होत नाही; तीन महिने वाफा मोडू नका. सोटमूळ लांब जातं, म्हणून रुंद पिशवीपेक्षा उंच पिशवी बरी. लावणीला जागा शोधत असाल तर कुळागराचा, म्हणजे गोव्यातल्या पोफळीच्या बागेचा, पाट पाहा: सावली, ओल, आणि रोज फिरकणारा माणूस, तिन्ही तिथे मिळतात.

रोपाला निदान दोन पावसाळे रोपवाटिकेत सांभाळावं लागतं आणि अनुदान बारा महिन्यांत संपतं. अर्जात खर्चाचा मोठा भाग शेडनेटवर न घालता पाणी घालणाऱ्याच्या मजुरीवर घाला, आणि दुसऱ्या वर्षीची मजुरी कोण देणार ते नावानिशी लिहा. पाहणी जूनमध्ये, अर्ज पावसाळ्यानंतर, बी पुढच्या जूनमध्ये, हा क्रम धरला तर पैसा वेळेवर हाती येतो.

परवानग्या आधी. अभयारण्यातून बी उचलायचं तर मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी लागते. पंचायतीच्या जैवविविधता समितीशीही बोला. बीजीसीआय या वनस्पती उद्यानांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेसारख्या परदेशी संस्थेचं अनुदान नोंदणीकृत संस्थेला घ्यायचं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलंच. या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन लहान बागेला देणं बंद झालं आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २० टक्के आहे. ही वाट लांबणार असेल तर बागांसाठी १९९२ पासून असलेली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची साहाय्य योजना सध्या अर्ज घेते का ते विचारा.

‘ही जात कुठल्याच बागेत नाही’ असं अर्जात लिहिण्याआधी बीजीसीआयच्या प्लँटसर्च या बागांतल्या वनस्पतींच्या ऑनलाइन यादीत नाव टाकून बघा. त्यांच्याच थ्रेटसर्च या यादीत धोक्याचा दर्जा मिळतो. रामपत्रीचं शास्त्रीय नाव मिरीस्टिका मलबारिका, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. दलदलीतली सगळीच झाडं मात्र रामपत्रीची नसतात. पान, फळ आणि सालीचा फोटो घेऊन जाणकाराकडून नाव पक्कं करून घ्या, मगच संख्या लिहा.