न्यान्झाचा वर्ग आणि अबुंझींची वही: रवांडातले अकरा दिवस

रवांडाला जातोय म्हटल्यावर ज्याने त्याने गोरिल्लांचंच विचारलं. गोरिल्ला पाहायचा परवाना माणशी 1500 डॉलर. माझा जीव तेवढा मोठा नाही, आणि मला बघायचं होतं ते वेगळंच. पुण्यात आमच्याकडे एलएलबी करून गेलेला एक रवांडन विद्यार्थी आता तिकडे वकिली करतो. "सर, एकदा या, आमची कोर्टं बघा," असं चार वर्षं म्हणत होता. यंदा गेलो.

सुरुवात चिवड्यापासून. 2008 पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती आपल्यासारखी कागदावरची नाही. बायकोने प्रेमाने भरून दिलेला चिवडा राजधानी किगालीच्या विमानतळावर कागदी पिशवीत ओतून घ्यावा लागला. तुम्ही घरूनच डब्यात भरा. यलो फीव्हरची लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. परतताना आपल्या विमानतळावर ते मागतात. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा, एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

दुसरी फजिती माझ्याच आळसाची. शनिवारी सकाळी सातला बॅग घेऊन न्यान्झाला, म्हणजे वकील-न्यायाधीशांची प्रशिक्षण संस्था असलेल्या गावाला, निघालो, तर रस्ते ओस. महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे उमुगांडा, गावोगावचं श्रमदान. अकरा वाजेपर्यंत दुकानं बंद, वाहनं जवळपास नाहीत. आमच्या गेस्टहाउसचा मालक फावडं घेऊन गटार साफ करत होता; त्याने मलाही एक घमेलं दिलं. तारीख बघून आखणी करा. 7 एप्रिलपासूनचा आठवडा 1994 च्या नरसंहाराच्या दुखवट्याचा असतो, तेव्हा तर कामाच्या भेटी ठरवूच नका.

न्यान्झाच्या आधी न्यामाटाचं चर्च बघावं. किगालीहून तासाभराचा रस्ता. 1994 च्या एप्रिलमध्ये हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सी समाजाचा नरसंहार सुरू केला, तेव्हा लोक आसऱ्याला या चर्चमध्ये आले आणि तिथेच मारले गेले. बाकांवर त्यांच्या कपड्यांचे ढीग आहेत, मातकट झालेले. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. मी एका लहान मुलाच्या स्वेटरपाशी थांबलो आणि पुढचं फारसं बघितलं नाही.

मग वकिलाला पडणारा प्रश्न पडतो: यानंतर खटले चालवायचे कुणी? साडेसातशेच्या आसपास न्यायाधीश होते, त्यातले अडीचशेसुद्धा उरले नाहीत. वकील बोटांवर मोजण्याइतके. आणि तुरुंगात सव्वा लाखाच्या घरात आरोपी. नेहमीच्या कोर्टांच्या गतीने शंभरावर वर्षं लागली असती. म्हणून जुनी गावसभा, गचाचा, नव्याने उभी केली. गचाचा म्हणजे गवत, गवतावर बसून होणारा निवाडा. पंच गावानेच निवडलेले, बिनपगारी, बिनकायदाशिक्षित. 2005 पासून देशभर आणि 2012 च्या जूनमध्ये बंद. तोवर बारा हजारांवर सभांनी एकोणीस लाखांहून जास्त प्रकरणं निकाली काढली. आरोपीला वकील नाही आणि नरसंहार थांबवून सत्तेत आलेल्या पक्षाच्या सैनिकांवरचे आरोप तिथे येतच नव्हते. माझ्यातला फौजदारी वकील हे वाचून अस्वस्थ होतो. पण दुसरा मार्ग कोणता होता, हे विचारलं की माझीही वाचा बसते.

न्यान्झाला न्याबुगोगो स्टँडवरून बस मिळते. तिकिटावर नाव असतं आणि बस वेळेवर सुटते (हे वाक्य एसटीच्या प्रवाशाने दोनदा वाचावं). दोनेक तास. तिथल्या विधि-प्रशिक्षण संस्थेत मला एका वर्गात मागे बसू दिलं. पत्र महिनाभर आधी पाठवलं होतं, तसं पाठवाच. वकील, सरकारी वकील, न्यायाधीश एकाच बाकांवर. पंचेचाळिशीच्या एक न्यायाधीश बाई फ्रेंचमध्ये कायदा शिकलेल्या. 2008 नंतर शिक्षण इंग्रजीत गेलं, पुढच्या वर्षी देश राष्ट्रकुलात आला, आणि फ्रेंच धर्तीच्या लेखी संहितेवर वाढलेल्या या लोकांना आता इंग्रजी पद्धतीने जुन्या निवाड्यांचे दाखले द्यायला शिकावं लागतंय. राजपत्र तीन रकान्यांत छापतात: किन्यारवांडा, इंग्रजी, फ्रेंच. त्या बाईंनी तिन्ही रकान्यांवर बोट ठेवून शिक्षकाला विचारलं, हे तीन शब्द एकच नाहीत, मी निकाल कुठल्यावर देऊ? पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. तालुका कोर्टात मराठी आणि हायकोर्टात इंग्रजी करणाऱ्या मला तो वर्ग अगदी घरचा वाटला. कायदा-प्रशिक्षणाचे परदेशी मदतीवरचे प्रकल्प मात्र बरेचदा किगालीतल्या हॉटेलांत, इंग्रजी स्लाइडवर चालतात. एका कार्यशाळेला गेलो. जेवण छान होतं.

खरा ऐवज मिळाला तो खेड्यात. लहानसहान दिवाणी वाद तिथे आधी अबुंझींकडे जातात. अबुंझी म्हणजे समेट घडवणारे गावातले लोक, तेही बिनपगारी. आपल्या तंटामुक्त समितीची आठवण होईल, फक्त इथे कागद नीट ठेवतात. वाद कशाचा, तर बांध कोरल्याचा! केळीच्या दोन बागांमधलं कुंपण शेजाऱ्याने हातभर सरकवलं होतं. सगळे उठून शेतात गेले. एका म्हाताऱ्या पंचबाईंनी काठीने माती उकरली, जुन्या कुंपणाच्या झुडपाचं तुटलेलं मूळ वर काढलं आणि शेजाऱ्यापुढे धरलं. तो जमिनीकडे बघत राहिला. ठराव शाळकरी वहीत लिहिला, दोघांच्या सह्या झाल्या.

मग बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे असं भांडण किती दिवस चालतं? मी म्हणालो, माझ्या एका अशिलाचा दावा एकोणीस वर्षं चालू आहे. माझ्या विद्यार्थ्याने भाषांतर केलं. बाईंनी परत विचारलं, त्याने परत आकडा सांगितला.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं थोडं. कुणालाही 'तुम्ही हुतू की तुत्सी' असं विचारू नका. असभ्य तर आहेच, शिवाय फूट पाडणाऱ्या बोलण्याविरुद्ध कडक कायदे आहेत. 1994 बद्दल बोलताना 'दोन्ही बाजूंनी' वगैरे शब्द टाळा. सरकारवरची मतं चहाच्या टपरीवर मागू नका: तुम्ही विमानात बसता, उत्तर देणारा तिथेच राहतो. मुलाखती घेऊन लेख लिहायचा असेल तर संशोधनाची परवानगी आधीच काढा, तिला वेळ लागतो. दुभाष्या स्वतःचा न्या. मोटोवर म्हणजे दुचाकी टॅक्सीवर बसताना हेल्मेट देतात, ते घाला. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, घेवडा, उकडलेली केळी आणि चक्क चपाती सगळीकडे मिळते. तिखट मात्र पिलीपिलीच्या छोट्या बाटलीतून थेंब-थेंब घ्या. मी चमचाभर घेतलं होतं.